दळण कुणाचे, गिरणी कुणाची?

ऑक्टोबर २०२२ मध्ये जपानच्या टोयोटा मोटार कंपनीने आपल्या तिकडच्या गिऱ्हाइकांना मोठ्या अदबीने कळविले, की यापुढे काही काळ नव्या गाडीबरोबर इलेक्ट्रॉनिक किल्ली एकच मिळेल. दुसरी किल्ली साधी, धातूची, पूर्वीसारखी कुलपात फिरवावयाची मिळेल; तिच्या जागची इलेक्ट्रॉनिक किल्ली मागाहून देण्यात येईल. कारण काय, तर चिप नाही! गाडी तयार आहे, इंजिन आहे, चाके आहेत, गिऱ्हाईक पैसे मोजून दारात उभे आहे. आणि किल्लीच्या पोटात बसणारा नखाएवढा तुकडा तेवढा नाही.

बातमी गमतीची खरी, पण तिच्या मागची हकीकत गमतीची नव्हती. २०२१ या एका वर्षात चिपच्या टंचाईमुळे जगात सुमारे ७७ लाख मोटारी बनू शकल्या नाहीत, असा अंदाज अॅलिक्सपार्टनर्स या सल्लागार संस्थेने त्या वर्षी वर्तविला होता. नुकसान २१० अब्ज डॉलरचे. जानेवारी २०२१ मध्ये जर्मनीचे अर्थव्यवहारमंत्री पेटर आल्टमायर यांनी तैवानच्या मंत्रीमहोदयांना पत्र लिहून आमच्या मोटारवाल्यांना चिप मिळवून द्या, अशी गळ घातली. ज्या देशात कार्ल बेंझने १८८६ साली मोटारीचे पेटंट घेतले त्या देशाच्या मंत्र्याने, जिच्याशी आपले रीतसर राजनैतिक संबंधही नाहीत अशा एका बेटाच्या सरकारला ही विनवणी करावी, हा प्रसंग इतिहासाच्या विद्यार्थ्याने जपून ठेवण्यासारखा आहे.

त्यानंतर या विषयावर जे पुष्कळ लिहिले-बोलले गेले त्याचा सूर साधारण असा: चिप बनविणाऱ्यांनी मोटारवाल्यांना ऐन वेळी दगा दिला, सबब प्रत्येक देशाने आपल्या भूमीवर आपला चिपचा कारखाना उभारावा, म्हणजे पुन्हा कुणाच्या दारी जाणे नको. वरवर पाहता हे कुणालाही पटेल. प्रस्तुत लेखकाला मात्र यातील दोन्ही वाक्ये चुकीची वाटतात. दगा कुणी दिलाच असेल तर तो मोटारवाल्यांनी दिला. आणि उणीव कारखान्यांची होती त्यापेक्षा शब्द देऊन पाळण्याची अधिक होती. (विज्ञान शाखेचे मित्र कला शाखेच्या माणसाने चिपवर लिहावे याला हसतील. हसोत बापडे. प्रश्न सिलिकॉनचा असता तर आम्ही गप्प बसलो असतो. तो माणसांच्या व्यवहाराचा आहे.)

आपल्या गल्लीतील पिठाची गिरणी डोळ्यांसमोर आणा. आपण डबा घेऊन जातो. धान्य आपले, पीठ आपले, भाकरीही आपलीच. गिरणीवाला फक्त दळून देतो आणि दळणाचे पैसे घेतो. त्याचे मोठेपण एकाच गोष्टीत आहे, की तो स्वतः पीठ विकत नाही. उद्या त्याने शेजारीच पोळीभाजी केंद्र उघडले, तर आपल्या डब्यातला चांगला गहू जातो कुठे, ही शंका मनात येणारच.

चिपच्या धंद्यात अशी निव्वळ दळून देणारी गिरणी १९८७ पर्यंत नव्हती. इंटेल, मोटोरोला, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपन्या आपल्या चिपची आखणी आपणच करीत आणि आपल्याच कारखान्यात ती घडवीत. कारखाना थोडा रिकामा असला तर दुसऱ्याचे काम उपकार म्हणून घेत, आणि आपली निकड आली की त्याला बाहेर काढीत. मॉरिस चँग या गृहस्थांनी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये पंचवीस वर्षे घालविली होती. १९८५ साली, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, तैवान सरकारच्या निमंत्रणावरून ते तेथील औद्योगिक संशोधन संस्थेचे प्रमुख झाले, आणि दोन वर्षांनी त्यांनी तैवान सेमिकंडक्टर मॅन्युफॅक्चरिंग कंपनी काढली. नाव लांबलचक, म्हणून लोक तिला टीएसएमसी म्हणतात. जवळजवळ निम्मे भांडवल सरकारचे, साडेसत्तावीस टक्के हॉलंडच्या फिलिप्सचे. इंटेल आणि टेक्सास यांनाही भांडवलासाठी विचारून झाले होते. दोघांनी नकार दिला. चँग यांचा नियम एकच होता: आम्ही आमच्या नावाची एकही चिप विकणार नाही, तुम्ही आखा, आम्ही घडवू.

त्या वेळी याला कुणी फारशी किंमत दिली नाही. दुसऱ्याचे जॉबवर्क करणारा तो हलका, ही समजूत आपल्याकडेच आहे असे नव्हे. एएमडी या अमेरिकन कंपनीचे प्रमुख जेरी सँडर्स यांच्या नावावर, खरे मर्द स्वतःचे कारखाने बाळगतात, अशा अर्थाचे एक वाक्य सांगितले जाते. पुढे २००९ साली याच एएमडीने आपले कारखाने वेगळे काढून अबूधाबीच्या पैशावर चालणाऱ्या ग्लोबलफाउंड्रीज या कंपनीच्या हवाली केले. कारण हिशेब उलटला होता. एक कारखाना उभारावयाचा तर अब्जावधी डॉलर आणि दोन-तीन वर्षे. आखणीला लागतात संगणक आणि हुशार माणसे. तेव्हा बुद्धीचे काम आपल्याकडे ठेवावे, हात काळे करण्याचे काम तैवानला द्यावे, असा पांढरपेशा विचार कॅलिफोर्नियातही बळावला. (हात काळे होण्याची उपमा येथे अगदीच चुकते म्हणा, या कारखान्यांतील हवा शस्त्रक्रियागृहापेक्षाही स्वच्छ ठेवावी लागते.)

आता मोटारवाल्यांकडे वळू. मोटारीच्या चिपच्या बाजारात पाच मोठी घराणी एकमेकांशी स्पर्धा करतात: सीमेन्समधून १९९९ साली फुटून निघालेली जर्मनीची इन्फिनिअन, फिलिप्समधून निघालेली आणि २०१५ साली मोटोरोलाच्या वंशातील फ्रीस्केलला पोटात घेणारी हॉलंडची एनएक्सपी, हिताची, मित्सुबिशी आणि एनईसी यांचे चिपविभाग एकवटून झालेली जपानची रेनेसास, फ्रान्स-इटलीची एसटी, आणि अमेरिकेची टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स. इन्फिनिअनने २०२० साली सायप्रेस ही कंपनी विकत घेऊन पहिला क्रमांक पटकावला. ही चढाओढ खरी आहे, तीव्रही आहे. परंतु टेक्सास सोडली, तर बाकीच्यांनी आपापल्या नव्या धर्तीच्या चिप्स, विशेषतः मोटारीचा मेंदू म्हणता येईल अशा मायक्रोकंट्रोलर चिप्स, हळूहळू बाहेरून घडवून घ्यावयास सुरुवात केली होती. रेनेसासने २०१२ साली आपल्या चाळीस नॅनोमीटरच्या अशा चिप्ससाठी टीएसएमसीशी करार केला. म्हणजे रस्त्यावर पाट्या वेगवेगळ्या, भाव वेगवेगळे, भांडण जोरात. आणि मागच्या बोळातून पाहावे तर बरेच डबे एकाच गिरणीच्या रांगेत.

त्या रांगेत मोटारवाल्यांचा नंबर कितवा? २०२० साली टीएसएमसीच्या विक्रीत मोबाइल फोनचा वाटा ४८ टक्के होता, मोटारींचा अवघा ३ टक्के. फोनच्या चिपला दरवर्षी नवी, अधिक बारीक रेघ हवी, त्यासाठी गिऱ्हाईक आगाऊ पैसे मोजते. मोटारीच्या चिपला बारीक रेघेचे कौतुक नाही. तिला जुने, मुरलेले तंत्र चालते, किंबहुना तेच हवे असते. इंजिनाच्या उष्णतेत आणि युरोपच्या हिमात पंधरा वर्षे तिने चुकता कामा नये. त्यामुळे एका कारखान्यात तपासून पसंत केलेली चिप दुसऱ्या कारखान्यात लगेच घडवून घेता येत नाही. तेथे पुन्हा महिनोन्महिने चाचण्या. गिरणी बदलणे सोपे नाही, आणि या गिरणीत आपण गिऱ्हाईक लहान: मोटारवाल्यांची खरी अवस्था ही होती. पण त्यांना तिची जाणीव नव्हती, याचे कारण त्यांच्या घरच्या रीतिरिवाजात आहे.

मोटार कंपनी स्वतः चिप विकत घेतच नसे. ती बॉश, कॉन्टिनेंटल किंवा डेन्सो यांच्याकडून ब्रेकचा किंवा इंजिनाचा तयार डबा घेई. डबेवाला इन्फिनिअनकडून चिप घेई, इन्फिनिअन तैवानकडून दळून घेई. आपल्या गाडीतील कोणती चिप कुठल्या देशात घडते हे सांगू शकेल असा माणूस पुष्कळ मोटार कंपन्यांत नव्हताच. पुरवठादार म्हणजे आश्रित; त्याने हाक मारताच माल आणावा, नको म्हणताच परत न्यावा, साठा ठेवण्याचा खर्च त्याने सोसावा, आणि दरवर्षी भाव कमी करावा. वेळेवर नेमका माल, या जपानी पद्धतीचे आपल्या वाणिज्य शाखेच्या पुस्तकांत मोठे कौतुक असते. जपानबाहेर तिचा पुष्कळदा एवढाच अर्थ उरला, की आपली जोखीम धाकट्याच्या गळ्यात.

२०२० च्या वसंतात करोनामुळे मोटारीचे कारखाने बंद पडले तेव्हा मोटारवाल्यांनी नेहमीप्रमाणे मागण्या रद्द केल्या. एका फोनवर काम झाले. पण त्याच वेळी घरी बसलेल्या जगाला लॅपटॉप, खेळाची यंत्रे, वायफायचे डबे हवे होते; गिरणी रिकामी कशाला राहील? रांगेतला मोकळा नंबर दुसऱ्याने घेतला. सहा महिन्यांत मोटारींची मागणी परत आली, मोटारवाले धावत आले, आणि त्यांना प्रथमच ऐकावे लागले की थांबा. सिलिकॉनच्या चकतीवर (तिला वेफर म्हणतात, बटाट्याशी संबंध नाही) शेकडो पायऱ्यांनी चिप घडण्यास सुमारे तीन महिने लागतात; पुढे ती कापून, वेष्टनात बसवून, तपासून हाती येईपर्यंत आणखी काही आठवडे. याला घाई चालत नाही. त्यात फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये हिमवादळाने वीज गेली आणि ऑस्टिन येथील सॅमसंग, एनएक्सपी, इन्फिनिअनचे कारखाने बंद पडले. १९ मार्चला रेनेसासच्या नाका येथील कारखान्यात आग लागली. दैव आड आले, हे खरेच. पण रांग त्यांनी आपण होऊन सोडली होती, ती दैवाने सोडविली नव्हती.

येथे टोयोटाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. ११ मार्च २०११ च्या भूकंपात हाच नाका कारखाना बंद पडला होता. त्यावरून धडा घेऊन टोयोटाने आपल्या पुरवठादारांना दोन ते सहा महिन्यांचा चिपसाठा ठेवावयास लावले. वेळेवर नेमका माल ही कल्पना ज्या घरात जन्मली त्याच घराने तिला मुरड घातली, आणि शिष्य मात्र पोथी घोकीत बसले! २०२१ च्या पूर्वार्धात जग ओरडत असताना टोयोटाच्या गाड्या बनत होत्या. सप्टेंबरमध्ये, साठा आटल्यावर आणि आग्नेय आशियातील करोनाच्या लाटेने सुटे भागही अडल्यावर, तिलाही उत्पादन चाळीस टक्क्यांनी घटवावे लागले. किल्लीची हकीकत त्यापुढची. म्हणजे साठा हा रामबाण नव्हे. पण ज्याने दहा वर्षांपूर्वीची ठेच लक्षात ठेवली त्याला अर्धे वर्ष अधिक मिळाले.

टंचाईनंतर सरकारे जागी झाली आणि तिजोऱ्या उघडल्या. जपानने कुमामोतो येथे टीएसएमसीचा कारखाना आणला. सोनी आणि डेन्सो भागीदार, पुढे टोयोटाही. पहिल्या कारखान्याला सरकारी मदत ४७६ अब्ज येनपर्यंत. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. ऑगस्ट २०२४ मध्ये जर्मनीत ड्रेस्डेन येथे दुसऱ्याची पायाभरणी झाली: सत्तर टक्के टीएसएमसीचे, आणि बॉश, इन्फिनिअन व एनएक्सपी यांचे प्रत्येकी दहा टक्के. दहा अब्ज युरोंहून अधिक खर्च, त्यांपैकी पाच अब्ज सरकारचे. इन्फिनिअन आणि एनएक्सपी या बाजारात हाडवैरी, त्या येथे एका जात्याला हात लावून बसणार. या व्यवस्थेत आम्हाला सर्वांत मोलाचे वाटते ते तिचे जर्मन भूमीवर असणे नव्हे. गिऱ्हाइकाने गिरणीत स्वतःचा पैसा घातला, म्हणजे उद्या एका फोनवर मागणी रद्द करताना त्याचा हात कचरेल, हे मोलाचे.

कारण केवळ भिंती उभारून काय होते हे लगेच दिसून आले. २०२३ पर्यंत टंचाईला भ्यालेल्या मोटारवाल्यांनी हव्या त्याहून अधिक चिप्स मागविल्या, गोदामे भरली, मागणी ओसरली. एसटी कंपनीची विक्री २०२३ मध्ये १७.२९ अब्ज डॉलर होती, ती २०२४ मध्ये १३.२७ अब्जांवर आली. विजेच्या मोटारींसाठी सिलिकॉन कार्बाइडच्या चिप्स करणारी अमेरिकेची वुल्फस्पीड कंपनी जून २०२५ मध्ये दिवाळखोरीच्या कोर्टात गेली. रांगा लागल्या म्हणून गिरण्या काढल्या, आणि पट्टा फिरायला लागेपर्यंत रांग नाहीशी.

आणि गिरणी असूनही उपाशी राहता येते, हे ऑक्टोबर २०२५ मध्ये नेक्सपेरिया प्रकरणाने दाखविले. ही हॉलंडची कंपनी, मालक २०१७ पासून चिनी. ती बनविते ते डायोड आणि ट्रान्झिस्टर, म्हणजे चिपच्या जगातील खिळे-मोळे. किंमत अगदी किरकोळ. सप्टेंबरअखेर डच सरकारने एका १९५२ च्या कायद्याचा आधार घेऊन कंपनीच्या कारभारावर अंकुश ठेवला. चारच दिवसांत चीनने तिच्या तेथील मालाची निर्यात रोखली. आता मौज पाहा. तिच्या चकत्या जर्मनीत हॅम्बुर्गला घडतात, म्हणजे कारखाना युरोपातच आहे. पण बहुसंख्य माल कापून वेष्टनात घालण्याचे काम चीनमध्ये डोंगुआन येथे होते. झाले! ऑक्टोबरअखेर होंडाचा मेक्सिकोतील कारखाना थांबला. १९ नोव्हेंबरला डच सरकारने आपला हुकूम स्थगित केला. आपल्या डब्यात काय आहे आणि ते कुठून फिरून येते हे चार वर्षांपूर्वी ज्यांना माहीत नव्हते, त्यांच्यापैकी कित्येकांना ते तेव्हाही माहीत नव्हते.

कुणी म्हणेल, हे सारे जपान-जर्मनीचे. आमच्या अंकात याचे काय? सप्टेंबर २०२१ मध्ये महिंद्र कंपनीने आपल्या मोटार कारखान्यांत सुमारे सात दिवस उत्पादन बंद ठेवण्याचे जाहीर केले. मारुतीचे उत्पादन त्या महिन्यात नेहमीच्या चाळीस टक्क्यांवर येईल असे कंपनीनेच सांगितले. चाकणची मोठी कंपनी सात दिवस थांबते तेव्हा तिला भाग पुरविणाऱ्या भोसरीच्या शेडमधील लेथही थांबतो, आणि त्या लेथवरचा कंत्राटी कामगार त्या दिवसांचा पगार कुणाला मागणार? जोखीम धाकट्याच्या गळ्यात टाकण्याची रीत तैवानपाशी येऊन संपली, कारण तेथे धाकटा म्हणून समजलेला माणूस थोरला निघाला. भोसरीत ती तशीच चालू आहे.

आमच्या देशाने या विषयात काही केलेच नाही असे नाही. मोहालीचा सरकारी चिपकारखाना १९८४ साली सुरू झाला होता, म्हणजे टीएसएमसीच्या तीन वर्षे आधी. १९८९ साली तो आगीत जळाला, आणि पुन्हा उभा राहावयास कित्येक वर्षे गेली. दुसरीकडे १९८५ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बंगळूरला आखणीचे केंद्र उघडले. त्याच कंपनीतून बाहेर पडलेले चँग त्याच वर्षी तैवानला पोचले होते! आम्ही टेबलावरचे काम घेतले, त्यांनी जात्यावरचे. आज वर सांगितलेल्या कंपन्यांच्या कितीतरी चिप्स बंगळूर आणि नोएडातील मुलामुली आखतात. त्यांतील मराठी आडनावे शोधावयास फार वेळ लागणार नाही. दळण मात्र बाहेर जाते. या निवडीला आम्ही आपली हुशारी समजत आलो. त्यात आपला जुना पांढरपेशा स्वभाव किती, हे स्वतःशी तरी कबूल करावे.

सप्टेंबर २०२२ मध्ये वेदान्त-फॉक्सकॉनचा १ लाख ५४ हजार कोटींचा प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला गेला तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला! सभा झाल्या, अग्रलेख झाले, आमच्या कट्ट्यावरही वाद रंगला. त्या वादात, हा कारखाना नेमके काय दळणार आणि डबा कोण आणणार, असे एकानेही विचारल्याचे आठवत नाही. प्रस्तुत लेखकानेही नाही. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनने अंग काढून घेतले आणि तो संसार मोडला. त्यानंतर २९ फेब्रुवारी २०२४ रोजी धोलेरा येथील टाटांच्या कारखान्याला मंजुरी मिळाली: ९१ हजार कोटी रुपये, तंत्र तैवानच्या पॉवरचिपचे, महिन्याला ५० हजार चकत्या, रेघ २८ ते ११० नॅनोमीटर. हे जुने तंत्र आहे म्हणून नाक मुरडणारे भेटतात. त्यांना मोटार कशावर चालते हे ठाऊक नसावे. मोटारीला बव्हंशी हीच रेघ लागते, आणि निवड आम्हाला शहाणपणाची वाटते.

काळजी वाटते ती गिऱ्हाइकाची. अमेरिकेत जनरल मोटर्सने फेब्रुवारी २०२३ मध्ये ग्लोबलफाउंड्रीजशी थेट दीर्घ मुदतीचा करार करून कारखान्याचा काही भाग आपल्यासाठी राखून ठेवला. मधल्या दोन पायऱ्या ओलांडून मोटारवाला स्वतः गिरणीत गेला. आपल्याकडे पिंपरीला मोटारी करणारी कंपनी आणि धोलेराला चिप करू पाहणारी कंपनी एकाच टाटा समूहातील, तेव्हा पहिला डबा घरचाच असावा अशी अपेक्षा गैर नाही. पण एका घरच्या डब्यावर ५० हजार चकत्यांची गिरणी चालत नाही. चाकण, नाशिक, तळेगाव येथील बाकीच्यांनीही दहा वर्षांचा कागद करावा लागेल: अमुक चिप्स आम्ही नेऊ, नेल्या नाहीत तरी पैसे देऊ. अशा एका तरी कागदावर पुणे जिल्ह्यातील मोटारवाल्याची सही झाल्याचे वर्तमानपत्रात वाचावयास मिळाले, तर तळेगावचे दुःख आम्ही त्याच दिवशी विसरू.